कुकर ‘गिफ्ट केला’ की ‘गिफ्ट दिला’? ऑफिसात वाद पेटलाय

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. मी नाशिकला अंबडमध्ये एका कंपनीत एचआरला आहे. २७ फेब्रुवारीला एकदा कँटीनमध्ये कविता वाचून दाखवली आणि तेव्हापासून ‘हिचं मराठी चांगलंय’ असा बोभाटा झालाय, त्यामुळे शॉपफ्लोअरच्या सगळ्या मराठी नोटिसा माझ्याच गळ्यात.

तर या दिवाळीला कंपनी सगळ्यांना कुकर देणारे. मी नोटीस लिहिली, “दिवाळीनिमित्त सर्व कायम व कंत्राटी कामगारांना कंपनीतर्फे प्रेशर कुकर गिफ्ट करण्यात येणार आहे.” प्रिंट काढली, साहेबांची सही घेतली, टाइम ऑफिसशेजारच्या बोर्डावर लावली. दुपारी चहाला जाते तर ‘गिफ्ट करण्यात’च्या भोवती लाल पेनाने गोल आणि बाजूला तिरप्या अक्षरात, ‘गिफ्ट हे नाम आहे. नाम देता येते, करता येत नाही.’ अक्षर लगेच ओळखलं, आमचे अकाउंट्सचे काका. मार्चमध्ये रिटायर होतायत, त्यांना आता कोणाचीच भीती नाही.

मी म्हटलं काका मला येऊन सांगायचं ना, बोर्डावर कशाला. तर म्हणाले चूक बोर्डावर झाली, दुरुस्ती पण बोर्डावरच. दोन दिवस ती नोटीस तशीच लटकली, पोरांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, आता मला लोक जाता येता विचारतात, मॅडम कुकर देता का करता.

हे एक. दुसरं म्हणजे सोमवारपासून शिफ्टच्या वेळा बदलणार आहेत, त्याचा वरून इंग्रजीत मेल आलाय, त्यात ‘विल इम्पॅक्ट द सेकंड शिफ्ट’ आणि शेवटी ‘प्लीज अ‍ॅक्शन धिस बाय फ्रायडे’. काकांनी तो पण बघितला आणि म्हणाले इम्पॅक्ट नाम, अ‍ॅक्शन नाम, साहेबाचं इंग्रजी बिघडलंय म्हणून तू मराठी बिघडवायचं का. आता मला कळत नाहीये की इंग्रजीतच हे चूक आहे, का इंग्रजीत चालतं पण मराठीत आणलं की चूक होतं, का काका उगाच छळतायत. शुक्रवारपर्यंत नोटीस लावायचीये. लाल गोल परत नकोय. प्लीज सांगा.

चिवडा

कंत्राटी लोकांना पण कुकर? कंपनीचं नाव व्यनि करा, बायोडाटा पाठवतो. बाकी जो माणूस घरून लाल पेन घेऊन ऑफिसला येतो त्याच्याशी वाद घालू नये एवढं मला कळतं.

स्वभाषा

‘भेट देण्यात येईल’ लिहिलं असतं तर हा धागाच निघाला नसता. गिफ्ट करणे की गिफ्ट देणे हा वादच चुकीचा आहे, घरात चोर शिरल्यावर तो डाव्या खिडकीतून आला का उजव्या याची चर्चा चाललीये. दिनांक, क्रमांक, महापौर असे शब्द ज्यांनी आपल्याला दिले ते सावरकर भगूरचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, आणि त्याच जिल्ह्यात आपण कुकर ‘गिफ्ट करतो’. काकांचं अभिनंदन कळवा, आणि त्यांना सांगा गोल छोटा पडला, ‘प्रेशर कुकर’ पण आत घ्यायला हवा होता.

चिवडा

स्वभाषा, दिनांक नाम, क्रमांक नाम, महापौर पण नाम. इथे प्रश्न क्रियापदाचा आहे. आणि फोनला दूरध्वनी म्हटलं तरी तो ‘केला’च ना, दूरध्वनला तर कोणी म्हणत नाही. शिवाय भेटीचा घोळ वेगळाच आहे, कंपनी कुकर भेट देणार, मंत्री कंपनीला भेट देणार, आणि नवरा बायकोला भेटच देत नाही ही तिसरी.

निवृत्त मास्तर

ताई, चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं म्हणून आधी इंग्रजीपुरतं सांगतो, मराठीचं इथले जाणकार बघतील.

तुमच्या काकांची तक्रार फार जुनी आहे. पतंग उडवून वीज पकडणारा तो बेंजामिन फ्रँकलिन, तो बरीच वर्षं फ्रान्समध्ये राहून अमेरिकेत परतला तर त्याला दिसलं की मधल्या काळात लोक ‘नोटिस’, ‘अ‍ॅडव्होकेट’, ‘प्रोग्रेस’ ही नामं खुशाल क्रियापदं म्हणून वापरायला लागलेत. त्याला ते इतकं खटकलं की डिसेंबर १७८९ मध्ये त्याने कोशकार नोआ वेब्स्टरला पत्र लिहून सांगितलं की तुम्हालाही पटत असेल तर आपलं वजन खर्च करून हे प्रकार बंद पाडा. पुढच्या एप्रिलमध्ये फ्रँकलिन वारला, पण ती तिन्ही क्रियापदं अजून ठणठणीत आहेत. त्यातलं ‘प्रोग्रेस’ तर नवीनसुद्धा नव्हतं, इंग्लंडात ते क्रियापद म्हणून आधीच वापरात होतं, मध्यंतरी तिकडे मागे पडलं एवढंच. आणि बघा, फ्रँकलिनला ‘नोटिस’ खटकली आणि तुमच्या काकांनी गोल केला तोही नोटिशीवरच.

इंग्रजीत हे इतकं सहज का होतं? जुन्या इंग्रजीत नामाची शेपटी वेगळी आणि क्रियापदाची वेगळी असायची. प्रेम म्हणजे ‘लुफू’ आणि प्रेम करणे म्हणजे ‘लुफियन’. पुढच्या काही शतकांत शेपट्या झिजत गेल्या आणि दोन्हींचं ‘लव्ह’ होऊन बसलं. शेपटीच नाही म्हटल्यावर कुठलंही नाम उचला आणि क्रियापदाच्या पाटावर बसवा, ओळखणार कोण? हँड, हेड, वॉटर, बुक सगळे असेच बसले. आपणही नामाची क्रियापदं करतोच की, हात वरून हाताळणे, डोकं वरून डोकावणे, पाणी वरून डोळे पाणावणे, लाथ वरून लाथाडणे. पण आपण त्याला मधे काहीतरी टाचतो, आळ, आव, आड, त्यामुळे नाम बदललं हे कानाला कळतं. इंग्रजीतलं उघडंबोडकं बदलतं, म्हणून खटकतं.

आता तुमचे शब्द. ‘गिफ्ट’ क्रियापद म्हणून इंग्रजीत चारेकशे वर्षं तरी आहे, चूक म्हणता येणार नाही. ‘इम्पॅक्ट’ची तर उलटीच गोष्ट, त्यातलं क्रियापद आधीचं आणि नाम नंतरचं! सतराव्या शतकात त्याचा अर्थ होता दाबून घट्ट बसवणे, म्हणून तर दाताचा डॉक्टर अक्कलदाढेला ‘इम्पॅक्टेड’ म्हणतो. लोक ज्याच्यावर चिडतात तो ‘परिणाम करणे’ हा अलीकडचा अर्थ. तो आता शब्दकोशांत आहे, पण अजून काही संपादक त्याला हात लावत नाहीत आणि ‘अफेक्ट’ लिहितात, तुम्हीही इंग्रजीत लिहिताना तेच करा, कोणी बोट ठेवणार नाही. ‘अ‍ॅक्शन धिस’ मात्र मलाही टोचतं. का ते विचारू नका, टोचतं.

एक कबुली देऊन टाकतो. १९८८ की ८९ ला नववीतल्या एका मुलाने निबंधात ‘माझ्या मामाने मला सायकल गिफ्ट केली’ अशा अर्थाचं वाक्य लिहिलं होतं, इंग्रजीत, गिफ्टचंच क्रियापद करून. मी अर्धा मार्क कापला. बऱ्याच वर्षांनी सार्वजनिक वाचनालयात मोठा कोश चाळताना तो शब्द दिसला आणि पहिल्यांदा त्या मुलाचा चेहरा आठवला. अर्धा मार्क देणं लागतो मी त्याचा.

टर्नर सातपूर

मास्तर, मस्त लिहिलंय. आम्ही नववीला होतो तेव्हा असं कोणी सांगितलं असतं तर लेथवर नसतो बहुतेक.

आमच्या शॉपमध्ये या वादाचा निकाल कधीच लागलाय. आमच्याकडे क्रियापद एकच, मारणे. ड्रिल मार, टॅप मार, चेंफर मार, फाईल मार, पॉलिश मार, आठ तास नुसती मारामारी. मागच्या महिन्यात आयटीआयचा नवीन पोरगा आला, हुशार, नम्र, पहिल्याच दिवशी आमच्या म्हाताऱ्या ऑपरेटरला विचारतो, “काका, हा होल ड्रिल करू का?” काकांनी चष्मा वर केला, त्याच्याकडे बघितलं, जॉबकडे बघितलं आणि म्हणाले, “करू नको. मार.” पोराला वाटलं आपण चुकीच्या होलला हात घातला, तो गेला ड्रॉइंग बघायला. पाच मिनिटं शोधत होता चूक कुठे आहे ती.

पण सरसकट मारत नाही हां आम्ही. ड्रिल मारतो पण रीमर फिरवतो, ऑफसेट देतो, डायल लावतो, जॉब बांधतो, प्रोग्राम टाकतो, सेटिंग करतो. कोणी शिकवलेलं नाही, पण एखाद्याने ‘ऑफसेट मार’ म्हटलं तर सगळे हसतील. आणि कट, तो मशीनवर घेतात आणि गंगापूर रोडला मारतात. मशीनवर कट ‘मारला’ म्हणालास तर फोरमन समजतो की टूल गेलं.

त्यामुळे ताई, नाम आहे का क्रियापद हे आपण बघतच नाही असं मला वाटतं. हाताला काय काम पडतंय ते बघतो. टॅप मारताना खरंच जोर लागतो.

सायबर कट्टा

एवढा विचार कशाला, सरळ ‘कुकर गिफ्टण्यात येईल’ लिहा. मी तर गुगललं, फॉरवर्डलं, ट्रोललं सगळं वापरते. गुगल तर इंग्रजीत पण २००६ मध्ये डिक्शनरीत क्रियापद म्हणून गेलं, मग आपल्याला काय प्रॉब्लेम?

स्वभाषा

गिफ्टण्यात! आता डोळे पाणावले.

प्रूफवाली

उशिरा आले, दिवाळी अंकाची प्रूफं चाललीयेत, पण हा धागा सोडवत नाही. पंचवीस वर्षं प्रूफं वाचतेय, ‘गिफ्ट केली’वर मीही लाल गोल केलेत, त्यामुळे काकांबद्दल आपुलकी आहे. पण त्यांचा नियम तसाच्या तसा टिकत नाही. ‘नाम देता येतं, करता येत नाही’ म्हणतात, मग फोन कसा करतो आपण? मेसेज कसा करतो? स्वयंपाक, अंघोळ, लग्न, नोकरी, सगळी नामंच आहेत आणि सगळी ‘करतो’.

मी एक साधी युक्ती वापरते, वाक्य भूतकाळात टाकायचं आणि क्रियापद कोणाच्या मागे लागतंय ते बघायचं. ‘तिने फोन केला’, इथे केला कोणामुळे? फोनमुळे, तो पुल्लिंगी म्हणून. म्हणजे फोन हे नाम मानाच्या जागेवर बसलंय. आता ‘तिने फाईल डाउनलोड केली’, इथे केली हे फाईलमुळे. डाउनलोड बिचारा क्रियापदाच्या पाठीमागे लपलाय, त्याला लिंग नाही, वचन नाही, तो करणे या क्रियापदाचाच तुकडा झालाय. म्हणून ‘दोन फोन केले’ म्हणता येतं पण ‘दोन स्कॅन केले’ म्हटलं तर माणूस विचारतो, दोन काय?

आता आपला कुकर. ‘कुकर गिफ्ट केला’, ‘साडी गिफ्ट केली’, ‘घड्याळ गिफ्ट केलं’, क्रियापद वस्तूच्या मागे गेलं म्हणजे गिफ्ट इथे डाउनलोडसारखा, क्रियापदाचा तुकडा. ‘साडीचं गिफ्ट दिलं’ म्हणा, लगेच गिफ्ट नाम होऊन मानाच्या जागेवर आलं. म्हणजे मराठी बोलणाऱ्याला दोन्ही गिफ्ट वेगळे कळतात आणि तो त्यांना वेगवेगळ्या खुर्चीत बसवतो, व्याकरण मोडलेलंच नाही. मग काकांना खुपतं काय? तर ‘साडी गिफ्ट दिली’ हे तिसरं वाक्य त्यांच्या कानात पक्कं आहे, आणि ते कुठून आलं सांगू, ‘साडी भेट दिली’ वरून. भेट काढली, तिच्या पाटावर गिफ्ट बसवलं, बाकी घर तसंच. एका पिढीने गिफ्ट घेतला तो भेटीच्या जागी, म्हणून ‘देतात’. पुढच्या पिढीने तो इंग्रजीतूनच क्रियापद म्हणून ऐकला, म्हणून ‘करतात’. भांडण नाम-क्रियापदाचं नाहीच, कोणी शब्द कुठल्या दाराने घरात घेतला त्याचं आहे. स्वभाषा, तुमची डावी-उजवी खिडकी खरंच महत्त्वाची निघाली बघा.

हे जुने पाट सगळीकडे दिसतात. झेरॉक्स ‘काढली’ म्हणतो, काढला नाही, कारण खाली प्रत बसलीये, प्रत काढतात आणि प्रत स्त्रीलिंगी. फोटो काढतो कारण चित्र काढतो. ज्याने फोटो ‘क्लिक केला’ म्हटलं त्याच्या खाली चित्र उरलेलं नाही. आणि टर्नरभाऊंचं मारणे, कोणी खिळा मारला, रंग मारला, त्याच रांगेत ड्रिल आणि टॅप जाऊन बसले.

सगळं इतकं सरळ असतं तर मला काम राहिलं नसतं. अंघोळ करणारा माणूस शॉवर ‘घेतो’, का? मराठीत कोणी अंघोळ घेत नव्हतं, हे सरळ साहेबाच्या बाथरूममधून उचललंय. आणि व्हॉट्सअ‍ॅप तर दोन्ही खुर्च्यांवर बसतं, ‘त्याने मला फोटो व्हॉट्सअ‍ॅप केला’ आणि ‘त्याने मला व्हॉट्सअ‍ॅप केलं’.

सायबर कट्टा, तुमच्या गिफ्टण्याला हसणार नाही मी. फार्सी-अरबीतून आलेल्या शब्दांना आपण असंच ‘णे’ लावून पचवलंय, बदलणे, खर्चणे, फर्मावणे, नवाजणे, आता कोणाला ते परके वाटतात? इंग्रजीला मात्र आपण सहसा थेट ‘णे’ लावत नाही, करणे-मारणे-देणे यांच्या हाताला धरून आणतो. गुगलणे थट्टेत चालतं आणि थट्टेतून रुळेलही कदाचित. पण नोटिशीत नको. नोटिशीत थट्टा आली की कामगाराला वाटतं कुकर पण थट्टेतच आहे.

टर्नर सातपूर

खिळा मारला हे पटलं. झेरॉक्स मात्र आमच्यात ‘मारतात’ पण. “दोन झेरॉक्स मारून आण.” आमच्यात काय राहिलं नाही मारायचं.

पिंपळगावचा बागायतदार

थोडं अवांतर होईल पण मी द्राक्षवाला, आमच्याकडं पण हेच आहे. आमचे वडील म्हणायचे विरळणी, आम्ही म्हणतो थिनिंग केली. स्प्रे मारला, ट्रॅक्टरनं मारा नाहीतर पाठीवरच्या पंपानं, मारलाच. शेंडा मारला, तो तर मराठीच. पण घड औषधात बुडवायचे त्याला डिपिंग केलं म्हणतो, मारलं नाही म्हणत, कारण तिथं हळू हात लागतो, मणी चोळला गेला तर गेला माल. ड्रीपमधून खत सोडतो. म्हणजे टर्नर दादा म्हणतात तेच, हाताला काम काय पडतंय.

आणि सगळ्यात मजा, डावणी, द्राक्षाच्या पानावरचा रोग. इंग्रजीत तो डाउनी मिल्ड्यू, डाउनी म्हणजे लव असलेला, पानाच्या खालून पांढरी लव दिसते म्हणून. आपल्या लोकांनी मिल्ड्यू दिला टाकून आणि डाउनीची केली डावणी, एकदम बाईमाणूस. ‘डावणी आली’, ‘डावणीनं बाग नेली’. ऐन छाटणीनंतर पाऊस झाला ना, की सकाळी सकाळी बागेत जाऊन पान उलटून बघायचं, पोटात गोळाच येतो, तेव्हा शब्द कुठल्या भाषेतला हे कोणी बघत नाही.

प्रूफवाली

डावणी! हा तर मला माहीतच नव्हता. विशेषणाचं नाम, तेही भुरी या दुसऱ्या रोगाशेजारी शोभेल असं. दादा, याला म्हणतात पचवणं.

जुन्या कोर्टापाशी

मी दस्त लिहितो. गिफ्ट डीडला आपल्याकडे बक्षीसपत्र म्हणतात, बक्षीस पण फार्सीच, स्वभाषांनी नोंद घ्यावी. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १२२ मध्ये गिफ्टची व्याख्या आहे, मोबदला न घेता स्वखुशीने दिलं पाहिजे आणि समोरच्याने स्वीकारलं पाहिजे, तेव्हा ते गिफ्ट. आणि दस्तात आम्ही वर्षानुवर्षं लिहितो, ‘बक्षीसपत्र लिहून दिले’, बोलताना म्हणतो ‘करून दिलं’. करणे पण आलं आणि देणे पण. तुमच्या काकांना सांगा, कुकर गिफ्ट करून देण्यात येईल. स्वीकारल्याची सही मात्र घ्या.

चिवडा

मोबदला न घेता? दिवाळीच्या आधीचे दोन रविवार कामावर बोलावलं नसेल तरच गिफ्ट मग.

गोदाकाठची

सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. चिवडा, एकच रविवार बोलावलं होतं.

काल मास्तरांचा आणि प्रूफवाली ताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून काकांना दिला. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत पूर्ण वाचला, डबा तसाच उघडा ठेवून. फ्रँकलिनच्या ओळीखाली रेघ मारली (लाल). मग म्हणाले “म्हणजे मी फ्रँकलिनच्या बाजूचा” आणि खूश होऊन निघून गेले. हरले हे त्यांनी वाचलंच नाही बहुतेक.

कुकरची नोटीस बदलली, सरळ ‘कुकर देण्यात येणार आहे’ लिहिलं, भेट पण नाही गिफ्ट पण नाही. दिवाळीत कंपनी कुकर देते म्हणजे विकत देत नाही हे सगळ्यांना कळतं.

शिफ्टच्या नोटिशीला जास्त वेळ लागला. मी आधी लिहिलं होतं ‘नवीन वेळेचा दुसऱ्या शिफ्टवर परिणाम होईल’, मग वाटलं परिणाम म्हटलं की लोक घाबरतील, दुष्परिणाम वाटतं. मग इम्पॅक्ट, अ‍ॅक्शन सगळं काढलं आणि काय होणार तेवढंच लिहिलं, ‘सोमवारपासून दुसरी शिफ्ट दुपारी ३ ऐवजी ३.३० ला सुरू होईल व रात्री १२ ला सुटेल. बसच्या वेळाही त्याप्रमाणे बदलतील.’ इंग्रजी मेल अर्धा पान होता, हे दोन ओळीत झालं. लावून दहा मिनिटं झाली नसतील तर पेंट शॉपचा एक मुलगा आला, नोटीस नीट वाचली आणि मला विचारतो, “मॅडम, याचा ओटीवर काय इम्पॅक्ट पडणार का?”

पडणार! मी हसले तर त्याला वाटलं ओटी, म्हणजे ओव्हरटाइमच बंद होतोय.

प्रूफवाली

प्रभाव पडतो, म्हणून इम्पॅक्ट पडतो. त्या मुलाला माझ्याकडून एक चहा. साहेबाने क्रियापद करून पाठवलेला शब्द त्याने परत नाम करून, पुल्लिंगी करून, मराठी क्रियापदाला जोडून तुमच्या हातात दिला, आणि त्याला तर मेल दाखवलेलाही नव्हता.

निवृत्त मास्तर

ओटीचं काय झालं ते पण कळवा. विचारणाऱ्याला तेवढंच हवं होतं.

गोदाकाठची

ओटीला काही होत नाही सर, सांगितलं त्याला लगेच.

टर्नर सातपूर

कुकर किती लिटरचा ते कोणी विचारलंच नाही.

गोदाकाठची

पाच लिटर. काल घरी नेला, आईने लगेच डाळ लावली आणि आतून ओरडली, “तीन शिट्या काढ आणि बंद कर.” काढ?

सायबर कट्टा

आमच्याकडे शिट्या करतात.

पिंपळगावचा बागायतदार

आमच्याकडं शिट्या होऊ देतात. आपण काय करणार, कुकर करतो.

स्वभाषा

शिट्या देतात. कुकर देतो ना शिटी. आणि आता कृपया कोणी ‘व्हिसल मारतात’ म्हणू नका.

टर्नर सातपूर

आमच्यात मारतो कुकर शिटी.